जादा नगांची कुळकथा

ऑर्डर शंभर शाफ्टची. रूट कार्डावर नग ११२. तपासणीत १०७ पास झाले, शंभर गाडीत चढले आणि सात रॅकवर राहिले. कोणत्याही मशीन शॉपमध्ये हे रोजचंच आहे. पण जॉब बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं की या सातांचं काय करायचं, तेव्हा एकाच कारखान्यातून तीन उत्तरं येतात. स्टोअरवाला म्हणतो साठ्यात घ्या, हिशेबनीस म्हणतो किंमत लावल्याशिवाय घेऊ नका, आणि सुपरवायझर म्हणतो असू द्या, पुढच्या ऑर्डरला लागतील. हा वाद संगणकापेक्षा बराच जुना आहे. त्याचं मूळ शोधायचं तर एका लष्करी शस्त्रागारापर्यंत मागे जावं लागतं.

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरात फ्रँकफर्ड आर्सेनल नावाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथे कॅप्टन हेन्री मेटकाफ या अधिकाऱ्याला कामाचा खर्च नेमका किती येतो याचा पत्ता लागेना. वर्षाअखेरीचा एकूण खर्च कळायचा, पण अमुक कामाला किती लोखंड गेलं, किती तास गेले, हे फोरमनच्या डोक्यात असायचं. मेटकाफने प्रत्येक कामाला ऑर्डर नंबर दिला आणि मजुरीसाठी व मालासाठी कार्डं काढली. कारागिराने वेळ लिहायचा तो त्या नंबरावर, स्टोअरमधून माल निघायचा तोही त्या नंबरावर. ही पद्धत त्याने १८८५ च्या पुस्तकात मांडली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेत वाचून दाखवली. आज स्क्रीनवर उघडणारं जॉब कार्ड थेट याच घराण्यातलं.

मेटकाफच्या पद्धतीत जॉब म्हणजे एक स्वतंत्र खातं. माल आत येतो, मजुरी आत येते, काम संपतं आणि खातं बंद होतं. जितक्या नगांची ऑर्डर तितकेच नग निघाले, तर ही रचना अगदी चोख चालते. पण नग जास्त निघाले की पंचाईत होते, कारण बंद झालेल्या खात्यात शिल्लक माल ठेवायला जागा नसते.

मग नग जास्त निघतातच का? बरेच मालक याचा दोष कामगाराच्या बेफिकिरीला देतात. मला ते पटत नाही, कारण जादा नग बहुतेक वेळा कागदावरच जन्मतात. पाच टक्के रिजेक्शन धरलं आणि शंभर चांगले नग हवे असले, तर १०५ घालून भागत नाही. १०५ मधले पाच टक्के गेले की शंभराला थोडे कमीच पडतात, म्हणून १०६ घालावे लागतात. इथवर प्लॅनिंगवाल्याचं गणित बरोबर आहे. पुढे सुपरवायझर सेटिंगला जातील म्हणून तीन वाढवतो, आणि मशीनवरचा माणूस पुन्हा मशीन लावायला लागू नये म्हणून आणखी तीन बार कापून घेतो. तिघांचाही हेतू चांगला असतो, पण आधीच्याने किती धरले आहेत हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून ११२.

मोठ्या आकड्याचा जादा माल मात्र वेगळ्या कारणाने होतो, आणि ते कारण पहिल्यांदा कागदावर मांडलं फोर्ड व्हिटमन हॅरिस या माणसाने. हॅरिस वेस्टिंगहाउसमध्ये अभियंता होता, महाविद्यालयाची पायरी न चढलेला. फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात त्याचा छोटासा लेख आला. एका वेळी किती पार्ट करावेत, एवढाच प्रश्न. मशीन लावायचा खर्च लॉट लहान असो की मोठा, तेवढाच येतो, म्हणून मोठा लॉट परवडतो. पण माल पडून राहिला की पैसा अडकतो, म्हणून लहान लॉट बरा. या दोन ओढींचा तोल त्याने वर्गमुळात बसवला. समजा वर्षाला १,२०० नग लागतात, एका सेटिंगला ६०० रुपये जातात आणि एक नग वर्षभर ठेवायला ४ रुपये पडतात. १,२०० ला ६०० ने गुणा, दुप्पट करा, ४ ने भागा. ३,६०,००० येतात. त्याचं वर्गमूळ ६००. म्हणजे गिऱ्हाइकाने महिन्याचे शंभरच मागितले तरी सहाशे काढावेत, आणि पहिल्या महिन्याची डिलिव्हरी गेल्यावर पाचशे रॅकवर राहावेत, हाच या सूत्राप्रमाणे शहाणपणाचा हिशेब!

सूत्र जगभर पसरलं, पण मूळ लेख विस्मरणात गेला. १९३४ मध्ये आर. एच. विल्सनने साठ्याच्या पद्धतीवर लेख लिहिला आणि पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत विल्सनचंच नाव छापलं गेलं. डोनाल्ड अर्लेनकोटर या अभ्यासकाने जुनी मासिकं धुंडाळून हॅरिसचा लेख शोधला आणि १९९० मध्ये तो ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात पुन्हा छापून आला. हॅरिस तोवर हयात नव्हता. नंतरच्या आयुष्यात त्याने पेटंटची वकिली केली होती.

हॅरिसच्या सूत्राने जादा माल करायला परवानगी दिली, पण तो पुढच्या वेळी आठवणीने वापरायचा कसा, हे त्यात नव्हतं. ते काम बिन कार्डावर चालायचं. रॅकला अडकवलेलं कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक. एका ट्रॅक्टरला हजारो पार्ट लागतात. नवी ऑर्डर आल्यावर त्यातला प्रत्येक पार्ट किती शिल्लक आहे हे कार्डं चाळून काढणं कोणालाच शक्य नव्हतं, म्हणून माल असूनही पुन्हा बनायचा. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक हा संगणक आणला. त्यात ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरं मावत. आजच्या मानाने क्षुल्लक, पण फरक वेगळाच होता. आधीच्या संगणकांची टेप सुरुवातीपासून फिरवावी लागे, तबकडीवर मात्र हव्या त्या पार्टची नोंद थेट काढता येई.

या सोयीवर दुसरं घराणं उभं राहिलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन इथे जे. आय. केस ही शेतीयंत्रांची कंपनी होती. तिथे चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या जोसेफ ऑर्लिकीने साठच्या दशकात एक साधी गोष्ट लावून धरली. ट्रॅक्टर किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो, पण त्याला नट किती लागतील याचा अंदाज कशाला? ते मोजता येतात. ४० यंत्रं, प्रत्येकी चार पार्ट, म्हणजे १६०. रॅकवर ३५, चालू जॉबमध्ये ५०. राहिले ७५, तेवढेच काढायचे. याचं त्याने १९७५ मध्ये पुस्तक केलं आणि एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) हे नाव कारखान्यांत रुळलं. आजचे ईआरपी त्याच्याच पोटातून निघाले.

या वजाबाकीत रॅकवरच्या आकड्याला फार मोल आहे. सात शाफ्ट पडलेत पण नोंदले नाहीत, तर पुढच्या ऑर्डरला ते पुन्हा बनतात. नोंदलेत पण कोणी न सांगता उचलून नेलेत, तर जुळणीच्या दिवशी सात कमी पडतात.

गोम इथे आहे. मेटकाफच्या घराण्यातली सॉफ्टवेअरं जॉबच्या नजरेने पाहतात आणि ऑर्लिकीच्या घराण्यातली पार्टच्या. लहान कारखान्याला एकाच पॅकेजमध्ये दोन्ही हवं असतं. जादा नग हा असा माल, जो जॉबच्या खात्यातून निघून पार्टच्या खात्यात जातो, आणि त्या जाण्यात किंमत ठरवावी लागते. जॉबला २१,४०० रुपये लागले, तर १०७ ने भागून नगाला २०० येतात आणि सातांचे १,४०० साठ्यात जातात. किंवा सगळा खर्च शंभरांवर टाकला तर नगाला २१४ पडतात आणि सात फुकटात साठ्यात येतात. सोपं म्हणून बहुतेक जण दुसरा रस्ता धरतात, आणि तो घातक आहे. पुढच्या जॉबला हे फुकटचे सात लागले की तिथे नसलेला नफा दिसतो, आणि त्या नफ्यावर भरवसा ठेवून पुढचं कोटेशन कमी दराने जातं. पहिल्या रस्त्यालाही अट आहे. भारतातल्या लेखा मानक २ प्रमाणे साठा खर्च आणि विकून हाती येणारी रक्कम यांतल्या कमी आकड्याने धरावा लागतो. ज्या शाफ्टला दुसरं गिऱ्हाईक नाही, त्याची किंमत २०० नव्हे, भंगाराची.

मधल्या काळात जपानमध्ये वेगळाच प्रश्न विचारला गेला: जादा माल व्हावाच का? १९५० मध्ये न विकलेल्या गाड्यांनी आणि संपाने टोयोटा जेरीला आली, संस्थापक किइचिरो टोयोडाला पद सोडावं लागलं. त्यानंतर टोयोटातल्याच ताइची ओनो या अभियंत्याने गरजेपेक्षा जास्त उत्पादन ही सगळ्यांत वाईट नासाडी मानली, कारण तिच्याखाली बाकीच्या चुका झाकल्या जातात. हॅरिसने सेटिंगचा खर्च दिलेला धरला होता. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने तोच कमी करायला घेतला. १९६९ मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले. वेळेच्या प्रमाणात खर्च उतरला असं धरलं, तर हॅरिसचंच सूत्र सहाशेऐवजी सदुसष्ट नग सांगतं. जादा मालाची सर्वांत चांगली नोंद कोणती असेल तर हीच, की तो मालच झाला नाही.

पण भोसरी, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या लहान शॉपला रोज असा डाय बदलायचा नसतो, आणि तिथे आणखी एक गाठ असते. पुष्कळ काम जॉबवर्कचं, म्हणजे माल गिऱ्हाइकाचा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परतावा लागतो. त्यामुळे उरलेले सात आपल्या साठ्यात घेताच येत नाहीत. ते चलनावर दाखवून परत द्यायचे, किंवा गिऱ्हाइकाच्या लेखी संमतीने पुढच्या लॉटमध्ये धरायचे. जॉब बंद करतानाच सॉफ्टवेअरने मालकी विचारली, तर हे तिथल्या तिथे मिटतं. बहुतेक ठिकाणी तो रकाना असतो आणि रिकामा असतो.

रकाना भरला तरी नग ओळखू यायला हवा. रॅकवरच्या सातांना टॅग लावायचा, त्यावर पार्ट नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन, जॉब नंबर, हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) आणि तारीख. रिव्हिजन लिहिली नसेल तर सहा महिन्यांनी ड्रॉइंगमधलं खोबणीचं माप बदललेलं असतं आणि कोणाला कळत नाही. हीट नंबर नसेल तर मटेरियलचं प्रमाणपत्र जोडता येत नाही, आणि इन्स्पेक्टर तो नग कितीही चांगला असला तरी पास करू शकत नाही.