सौताड्याचा कडा : देवाची वाट आणि राज्याची हद्द

हरिश्चंद्रगडाजवळून निघालेली बालाघाटाची रांग नगर जिल्हा ओलांडून आमच्या पाटोदा तालुक्यात येते. इथं ती डोंगरासारखी दिसतच नाही. सपाट माळ, ज्वारी-बाजरीची रानं, मधूनच बाभळी, आणि चालता चालता एकदम जमीन संपते. सौताड्याला विंचरणा नदी अशीच माळावरून येते आणि दोनशेहून अधिक फूट खाली दरीत झेपावते. कठीण काळ्या पाषाणाच्या थराखाली ठिसूळ थर असतो. पाणी तो खालून पोखरत राहतं, वरचा थर सुटून कोसळतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. वनवासात राम-सीता इथं राहिले, असं गावकरी सांगतात.

माझ्या लहानपणी ‘धबधबा बघायला चाललो’ असं कुणी म्हणत नसे. रामेश्वरला जायचं असे. श्रावणातल्या सोमवारी आजी फडक्यात भाकरी, ठेचा आणि उपासाचे शेंगदाणे बांधून घ्यायची आणि आम्ही पायी निघायचो. कड्याशी आलं की मी थबकायचो, तर आजी दंडाला धरून पुढं ओढायची. ‘आधी पिंडीला हात लाव, मग बघ काय बघायचं ते.’ दर्शन झालं की मात्र तीच धबधब्यासमोरच्या दगडावर बसायची आणि तुषारांनी लुगडं ओलं झालं तरी उठायची नाही. डोंगरावरून दूरवर बघण्याची हौस आमच्या बायकांना नव्हती असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. घरून निघायला देवाचं निमित्त लागायचं, एवढंच.

या रांगेवर अशी निमित्तं जागोजागी आहेत. सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथ, चिंचोलीला गहिनीनाथ, येवलवाडीला जालिंदरनाथ, पलीकडं मढीला कानिफनाथ, बीडजवळ कपिलधारेच्या धबधब्यापाशी मन्मथस्वामींची समाधी. जिथं माळ तुटतो किंवा उंचावतो, तिथं एक देवस्थान आहेच. पर्यटन खात्यानं यायच्या कितीतरी आधी या जागा पायी चालणाऱ्या लोकांनी निवडल्या होत्या.

मला जास्त ओढ आहे ती या कड्याच्या दुसऱ्या इतिहासाची. १८८४ साली इंग्रजांनी छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जामखेडच्या नोंदीत हा धबधबा येतो, पण निजामाच्या मुलखातला म्हणून. जामखेड इंग्रजांचं, सौताडा हैदराबादचा. तीही हद्द सरळ नव्हती. जामखेड तालुक्याच्या अधेमधे निजामाची गावं विखुरलेली होती, त्यामुळं एखाद्या शेतकऱ्याला बाजाराला जाताना राज्यं ओलांडावी लागत.

माझे आजोबा तूप आणि शेंगा घेऊन जामखेडच्या बाजाराला उतरायचे, येताना कापड आणि मीठ आणायचे. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. नाक्यावर गाठोडं सोडावं लागे, उर्दूतली पावती घ्यावी लागे, आणि ती न वाचताच कनवटीला खोचून घरी यायचं. पैसेही दोन प्रकारचे. अलीकडं निजामाचा हाली, पलीकडं कलदार. इंग्रजांच्या सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये पडत. आजी कधी शाळेत गेली नव्हती, पण हा सहा-सातचा हिशेब ती तोंडी करायची. निजामाचं राज्य गेल्यावरही हाली नाणं काही वर्षं चाललं, आणि डब्याच्या तळाशी तिनं त्यातलं एक ठेवलं होतं.

याच डोंगरावरून एक मोठी फौज खाली उतरली होती. १७९५ च्या मार्चमध्ये निजाम अली खानाचं सैन्य मोहरी घाटानं खर्ड्याकडं आलं, ११ मार्चला मराठ्यांशी गाठ पडली आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. लढाई शाळेत शिकवतात, घाट शिकवत नाहीत. मी मास्तर असताना मुलांना आधी डोंगराची रेघ काढायला लावायचो, मग तारीख सांगायचो. वरून उतरणारी फौज, बैल आणि तोफा किती अडचणीत सापडत असतील, ते त्या रेघेवरून त्यांना आपोआप कळे.

१९४७-४८ मध्ये हीच हद्द उलट्या कामाला आली. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प नगर-सोलापूरच्या बाजूला, हद्दीलगत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि पुढं नाक्यांचं कामच उरलं नाही. कड्यावर आता राज्याची हद्द नाही, पण पाण्याची आहे. विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. सौताड्याहून फार लांब नाही, याच तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. एकाच वळवाच्या सरीतलं पाणी एवढ्याशा माळावर दोन खोऱ्यांत वाटलं जातं, आणि तरी हा तालुका टँकरची वाट बघतो. हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून पुढं लोकांनी ऊसतोडीचा कोयता उचलला. दसरा-दिवाळीनंतर आमच्या गावांतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. पूर्वी बैलगाड्या याच बाजूनं उतरून नगरकडच्या कारखान्यांना जात, आता ट्रक-ट्रॅक्टर. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी चैत्राच्या सुमारास परततात, तेव्हा विंचरणा कोरडी असते. धबधब्याचे भरात असलेले दिवस तेवढे त्यांच्या वाट्याला येतात, श्रावण ते आश्विन. श्रावणातल्या सोमवारी रामेश्वराच्या पायऱ्यांवर तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या ज्या बाया दिसतात, त्यांतल्या कितीतरी दोन-तीन महिन्यांत फडावर असणार.

१९९४ मध्ये पाटोद्याजवळच्या नायगावला मोरांसाठी अभयारण्य झालं, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं. मोर पेरलेला दाणा खातो, तरी इथल्या शेतकऱ्यानं त्याला पिढ्यान्‌पिढ्या राहू दिलं, म्हणून अभयारण्य करायला मोर शिल्लक होते. हे श्रेय त्याला मिळायला हवं.

तुम्ही याल ते पावसात याल, आणि यावंच. पण पायऱ्यांवर टेकलेलं एखादं म्हातारं माणूस दिसलं तर त्याला नाक्याबद्दल विचारा. नाका कुठं होता, पावती कोण फाडायचा, मिठावर किती पडायचं. हाली रुपया हाताळलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.