भ्रूण प्रत्यारोपण : काळवेळ आणि यशाचे प्रमाण

भ्रूण प्रत्यारोपण : स्त्रीबीज व शुक्राणू यांचे शरीराबाहेर मीलन घडवून तयार झालेले भ्रूण बारीक, लवचीक नळीने गर्भाशयात सोडण्याची क्रिया. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ या नावाने परिचित असलेल्या उपचारातील हा टप्पा काही मिनिटांत, बहुधा भूल न देताच उरकतो. मात्र भ्रूणाचे वय आणि गर्भाशयाच्या अस्तराची तयारी यांचा मेळ बसला तरच ते रुजण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्यारोपणाचा दिवस ठरवणे हा या उपचारातील कळीचा निर्णय होय.

इतिहास : इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 रोजी लुईझ ब्राउन ही या पद्धतीने जन्मलेली जगातील पहिली बालिका ठरली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ या अशाच बालिकेचा जन्म झाला; मुखर्जींनी भ्रूण गोठवून ठेवले आणि बीजवाढीच्या औषधांचा प्रभाव असलेल्या मासिक चक्रात न सोडता नंतरच्या चक्रात सोडले. त्यांच्या हयातीत या कार्याची उपेक्षाच झाली. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय आणि परळची प्रजनन संशोधन संस्था यांच्या संयुक्त कार्यातून डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी 6 ऑगस्ट 1986 रोजी महाराष्ट्रातील पहिल्या अशा बालिकेचा जन्म घडवून आणला. पुढे मुखर्जींची टिपणे तपासून 1997 मध्ये आनंद कुमारांनीच भारतातील पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. भारतीय विज्ञानातील प्रांजळपणाचे हे थोर उदाहरण आहे.

काळवेळेचे शास्त्र : बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाच्या अस्तरात बदल घडवते आणि साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ते अस्तर गर्भ स्वीकारण्याजोगे होते. मीलनानंतर तिसऱ्या दिवशी भ्रूणात सहा ते आठ पेशी असतात, तर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी ते ‘ब्लास्टोसिस्ट’ म्हणजे पेशींची द्रवभरली पोकळ गोळी बनते. निसर्गतः भ्रूण गर्भाशयात उतरते ते याच सुमारास, त्यामुळे पाचव्या दिवसाचे प्रत्यारोपण अधिक स्वाभाविक ठरते व वाढ खुंटलेली भ्रूणे आधीच वगळली जातात. तथापि भ्रूणे मोजकीच असतील तर पाचव्या दिवसापर्यंत एकही न टिकण्याचा धोका लक्षात घेऊन तिसरा दिवस निवडला जातो. गोठवलेले भ्रूण वापरताना अस्तर औषधांनी तयार केले असेल, तर ब्लास्टोसिस्ट सामान्यतः प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात.

ताजे की गोठवलेले : चीनमध्ये बीजकोशात अनेक पुटिका असण्याचा विकार (पीसीओएस) असलेल्या 1,508 स्त्रियांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोठवलेल्या भ्रूणांच्या गटात 49.3 टक्के, तर ताज्या भ्रूणांच्या गटात 42 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, आणि औषधांनी बीजकोश अतिउत्तेजित होण्याचा धोकाही पहिल्या गटात कमी आढळला. नियमित बीजमोचन होणाऱ्या स्त्रियांत मात्र असा फरक 2018 च्या अभ्यासांत दिसला नाही. अस्तराचा तुकडा तपासून प्रत्येकीची नेमकी वेळ शोधण्याचा दावा करणाऱ्या महागड्या चाचणीनेही 2022 च्या अमेरिकी अभ्यासात यशाचे प्रमाण वाढले नाही.

यशाचे प्रमाण : गर्भचाचणी सकारात्मक येणे, सोनोग्राफीत ठोके दिसणे आणि जिवंत मूल जन्मणे हे यशाचे तीन वेगळे अर्थ असून, प्रमाण प्रत्यारोपणामागे मोजले की सुरू केलेल्या उपचारामागे, यावरही आकडा बदलतो. सर्वांत प्रभावी घटक बीज देणाऱ्या स्त्रीचे वय हाच होय, कारण वयाबरोबर गुणसूत्रदोष असलेल्या बीजांचे प्रमाण वाढते. एका वेळी अनेक भ्रूणे सोडल्यास जुळ्यांची व अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची जोखीम वाढते. प्रत्यारोपणानंतर दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहण्याने यश वाढत नाही.

नांदेड व लातूर : विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील प्रमुख शासकीय रुग्णालये होत. प्रत्यारोपणापूर्वी अशा रुग्णालयांत क्षयरोगाची तपासणी महत्त्वाची ठरते, कारण जननेंद्रियांचा क्षयरोग हे भारतातील वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण असून, त्याने बीजवाहिन्या बंद होऊ शकतात आणि अस्तर पातळ किंवा व्रणयुक्त झाल्यास अचूक दिवस साधूनही गर्भ रुजणे कठीण होते. काळमेळाचा हाच नियम जनावरांनाही लागू आहे : लातूर जिल्ह्यातील देवणी व नांदेडच्या कंधार परिसरातील लाल कंधारी या गोवंशांच्या संवर्धनासाठी हे तंत्र वापरायचे तर भ्रूण दात्या गाईच्या माजानंतर सातव्या दिवशी काढून, जिचा माज तिच्या माजाशी फार तर एका दिवसाच्या फरकाने जुळतो अशाच गाईत सोडावे लागते.

कायदा : 2021 च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाने केंद्रांची नोंदणी बंधनकारक केली, उपचारासाठी स्त्रीचे वय 21 ते 50 व पुरुषाचे 21 ते 55 असे ठरवले आणि लिंगनिवडीस मनाई केली. मूल न होण्याचा दोष एकट्या सुनेवर ढकलणाऱ्या समाजात पतीचीही तपासणी आधी व्हावी आणि आपल्या वयोगटात सुरू केलेल्या उपचारांमागे जिवंत मूल होण्याचे प्रमाण किती, हे दांपत्याला मराठीतून समजावून सांगितले जावे; एवढे झाले तरच दिलेली संमती खऱ्या अर्थाने संमती ठरते.