बुटाच्या नाडीचा मतदारसंघ

मेम्फिस ते व्हिक्सबर्ग यांच्या दरम्यान, मिसिसिपी आणि याझू या नद्यांमध्ये पसरलेल्या सपाट प्रदेशाला 'डेल्टा' म्हणतात. शाळेत शिकलेला त्रिभुज प्रदेश इथे शोधू नये. समुद्र बराच दूर आहे. हे पुराचे मैदान. त्याच्या काळ्या गाळावर कापूस पिकला, आणि कापसासाठी आधी गुलाम व यादवी युद्धानंतर मुक्त झालेले कृष्णवर्णीय मजूर आले. पूर्वेच्या टेकड्यांत मात्र लहान गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. मिसिसिपी राज्यातील मतदारसंघांच्या सीमा या दोन प्रदेशांना कधी वेगळे काढतात, कधी एकत्र बांधतात. आणि त्यामागचा हेतू दर वेळी तपासावा लागतो.

1875 मध्ये दहशतीच्या बळावर सत्ता परत मिळवल्यावर डेमोक्रॅट पक्षाने नदीकाठाने राज्यभर लांबणारा एक चिंचोळा मतदारसंघ आखला. लोक त्याला 'बुटाची नाडी' म्हणत. कृष्णवर्णीयांची मते तिथे कोंडली की उरलेले पाच मतदारसंघ गोऱ्यांचे, असा सरळ हिशेब! गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे नॅचेझ इथून राजकारणात आलेले जॉन रॉय लिंच या नाडीतही 1876 मध्ये पराभूत ठरवले गेले. 1880 मध्ये त्यांची हजारो मते तांत्रिक सबबींवर बाद झाली. प्रतिनिधिगृहाने त्यांना न्याय दिला तो 1882 मध्ये.

1890 च्या राज्यघटनेने मतदान कर आणि साक्षरतेची अट आणली. त्यानंतर सीमांची चलाखी करण्याची गरजच उरली नाही. डेल्टा दीर्घकाळ एकाच मतदारसंघात अखंड राहिला, कारण तिथले बहुसंख्य लोक मतदारच नव्हते. नकाशा इतका निरागस दिसावा, यातच त्या काळाचे क्रौर्य आहे.

1962 मध्ये रूलव्हिलच्या फॅनी लू हेमर मतदार नोंदणीसाठी इंडियानोलाला गेल्या, आणि त्यापायी ज्या मळ्यावर त्या राबत होत्या तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. 1965 मध्ये मताधिकार कायदा आला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने डेल्टाचे आडवे तुकडे करून ते पूर्वेच्या गोऱ्या काउंट्यांना जोडले. मते हाती येताच प्रदेश फुटला.

तो पुन्हा सांधला गेला 1980 च्या दशकात, न्यायालयामार्फत. तरीही रॉबर्ट क्लार्क 1982 व 1984 असे दोनदा हरले. लोकसंख्येतील बहुमत मतपेटीत उतरायला वेळ लागतो. वर्णानुसार मते विभागलेली असताना तर अधिकच. 1986 मध्ये माइक एस्पी जिंकले. लिंच यांच्यानंतर या राज्यातून काँग्रेसमध्ये गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. 1993 च्या पोटनिवडणुकीपासून 2024 पर्यंतची प्रत्येक निवडणूक बेनी थॉम्पसन यांनी जिंकली.

दरम्यान यंत्रांनी कापूसवेचणी हिरावली, माणसे शिकागोकडे गेली, डेल्टा रिता होत राहिला. ठरलेली लोकसंख्या भरून काढण्यासाठी दुसरा मतदारसंघ दर जनगणनेनंतर दक्षिणेकडे सरकला, जॅक्सन शहरातही शिरला. 2022 च्या रचनेत नॅचेझही त्यात आले आणि तो जवळजवळ सगळ्या नदीकाठाने पसरला. आकार पुन्हा नाडीचाच.