खिडकीमागचे लेखक

संगणकाचा इतिहास सांगताना आपण यंत्रे मोजतो, कंपन्या मोजतो. ते यंत्र कसे वापरायचे हे लिहून ठेवणाऱ्यांची नोंद मात्र क्वचितच होते. आज आपण पडद्यावर एक खिडकी सरकवून दुसरी पुढे आणतो, तेव्हा त्यामागे प्रोग्रामइतकीच काही साध्या, कामाच्या लेखांचीही मेहनत असते. 'एक्स विंडो सिस्टिम'चा इतिहास हेच सांगतो.

१९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. डीईसी आणि आयबीएम या कंपन्या त्यात भागीदार होत्या. विद्यार्थ्यांसाठीचे संगणक वेगवेगळ्या बनावटीचे असणार होते आणि त्या सर्वांवर एकच प्रोग्राम चालायला हवा होता. १९८४मध्ये रॉबर्ट शायफ्लर यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या 'डब्ल्यू' या प्रणालीचा आधार घेऊन नवी प्रणाली लिहिली. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतर एक्स येतो, म्हणून तिचे नाव 'एक्स'. जिम गेटिस त्यांच्या सोबत होते. १९८६मध्ये दोघांनी एसीएमच्या 'ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स' या नियतकालिकात लेख लिहून तिची रचना मांडली. सप्टेंबर १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. कोड कुणालाही मोफत घेता येत होता.

पण कोड मोकळा झाला म्हणजे ज्ञान मोकळे झाले, असे होत नाही. खिडकी काढण्याची साधने द्यायची, ती कशी दिसावी आणि कशी वागावी हे मात्र ठरवायचे नाही, असे एक्सचे धोरण होते. त्यात स्वातंत्र्य मोठे होते, पण नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. प्रत्येक फंक्शन काय करते हे संदर्भपुस्तिकेत सापडे. कोणते कधी वापरायचे, हे मात्र अनुभवी लोकांच्या डोक्यातच राही. जो उस्तादाजवळ बसला त्यालाच हुनर मिळाले, असा हा प्रकार होता. दूरच्या शागिर्दाने काय करायचे?

१९८८च्या हिवाळ्यात युझनिक्सच्या परिषदेत डेव्हिड रोझेंथल यांनी एक लेख मांडला. विषय अगदी क्षुल्लक वाटावा असा होता: एक्समध्ये पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' हे दोन शब्द उमटवणे किती अवघड असू शकते? मूळ लायब्ररीच वापरायची, तर एवढ्याशा कामातही किती गोष्टींचा विचार करावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. उदाहरणार्थ, एक खिडकी दुसरीखाली झाकली गेली आणि पुन्हा उघडी पडली, तर तिच्यातला मजकूर परत काढण्याची जबाबदारी प्रोग्रामचीच असते. हे ठाऊक नसेल तर प्रोग्राम पहिल्यांदा ठीक दिसतो आणि नंतर खिडकी कोरी पडते. वरच्या पातळीची 'टूलकिट' वापरली की हे काम किती सोपे होते, हेही त्यांनी सांगितले.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओ'रायली या प्रकाशनाने 'द एक्स रिसोर्स' नावाचे त्रैमासिक काढले. ते 'प्रॅक्टिकल जर्नल' आहे, हे त्याच्या उपशीर्षकातच होते. अशा ठिकाणी लिहिणे म्हणजे पोटापाण्याचे गुपित चारचौघांत वाटणे. जे आपल्याला महिनाभर धडपडून समजले, ते दुसऱ्याला तासाभरात समजावे, एवढाच त्यातला हेतू. असा लेख नवा सिद्धांत मांडत नाही. तो 'मी इथे अडकलो होतो, तुम्ही अडकू नका' असे सांगतो.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. एका संकेताला एकच आकार, ही सुरुवातीच्या फॉन्टव्यवस्थेची समजूत इंग्रजीला चालून गेली. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते आणि दिसते मात्र आधी. जोडाक्षरांची गोष्ट तर आणखी वेगळी. १९९१च्या आवृत्तीत एक्सने इतर भाषांसाठी सोयी आणायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने 'इंडिक्स' प्रकल्पातून भारतीय लिप्या एक्समध्ये आणण्याचे काम केले.

आपल्याकडे मराठी बोलणारे हजारो प्रोग्रामर आहेत. रोज ते कुठेतरी अडकतात आणि मार्ग काढतात. त्यातला एखादा अनुभव मराठीत नीट लिहून ठेवला, तर तालुक्याच्या गावी जुन्या संगणकापुढे एकट्याने बसलेल्या मुलीला तो उपयोगी पडेल. तिच्याजवळ उस्ताद नाही.