डेटाबेस प्रॉक्सी म्हणजे काय? ती डॉकर कंटेनरमध्ये कशी चालवायची?



समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातल्या तेलगावात बसून एक अ‍ॅप बनवताय. इथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, म्हणजे ऊस नोंदणीचं अ‍ॅप डोक्यात येणारच. त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागवडीची तारीख, मोबाईल नंबर आणि बँक खातं असणार. कोड तुमच्या लॅपटॉपवर, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून आणि डेटाबेस मात्र मुंबईतल्या क्लाउडवर. मग लॅपटॉपवरून त्या डेटाबेसपर्यंत सुरक्षित पोहोचायचं कसं? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर म्हणजे डेटाबेस प्रॉक्सी.

थेट कनेक्शन का नको?

क्लाउडवरच्या डेटाबेसला बाहेरून थेट जोडायचं असेल तर तुमचा आयपी अ‍ॅड्रेस परवानगीच्या यादीत टाकावा लागतो. ऑफिसच्या स्थिर आयपीला हे ठीक आहे. मोबाईल हॉटस्पॉटचा आयपी मात्र सारखा बदलतो. शिवाय मोबाईल कंपन्या बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांना मिळून देतात. म्हणजे तुम्ही तो यादीत टाकला, तर अनोळखी लोकांनाही दारापर्यंत येऊ दिलं.

मग बरेच जण वैतागून यादीत ०.०.०.०/० टाकतात. याचा अर्थ 'जगातल्या कुणालाही येऊ द्या'. आता तुमच्यात आणि हल्लेखोरात फक्त एक पासवर्ड उरतो. आणि असे उघडे डेटाबेस शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डशिवाय उघडे राहिलेले हजारो मॉन्गोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रॉक्सी नेमकं काय करते?

कारखान्याच्या गेटवर वॉचमन गाडीचा नंबर नाही, तर ड्रायव्हरचा पास बघतो असं समजा. प्रॉक्सीचं तसंच आहे. तुम्ही कुठल्या आयपीवरून आलात याला महत्त्व नाही, तुम्ही कोण आहात याला आहे.

गूगलच्या क्लाउड एसक्यूएल सेवेसाठी 'क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी' नावाचा मोफत, ओपन सोर्स प्रोग्रॅम मिळतो. तो तुमच्या मशीनवर चालतो. तुमचं अ‍ॅप त्याच्याशी बोलतं, तो तुमच्या गूगल खात्याची परवानगी तपासून घेतो आणि पुढचा सगळा प्रवास एन्क्रिप्ट करतो. आयपीची यादी रिकामी ठेवली तरी काम होतं. गूगलचं मुंबई रीजन २०१७ पासून सुरू आहे, त्यामुळे डेटाबेस महाराष्ट्रातच ठेवता येतो.

दोन गोष्टी लक्षात घ्या. डेटाबेसचा युजरनेम-पासवर्ड साधारणपणे तरीही लागतो. आणि डेटाबेसला फक्त प्रायव्हेट आयपी असेल, तर प्रॉक्सी एकटी तिथपर्यंत रस्ता बनवून देत नाही.

पीजीबाउन्सर म्हणजे हीच प्रॉक्सी का?

नाही. पीजीबाउन्सर हीसुद्धा डेटाबेस प्रॉक्सीच, पण तिचं काम वेगळं. पोस्टग्रेस सुरुवातीला साधारण १०० कनेक्शन घेते. अ‍ॅप जास्त उघडायला लागलं की पीजीबाउन्सर थोडीच कनेक्शन सगळ्यांना आळीपाळीने वापरायला देते. ओळख तपासून सुरक्षित जोडायला ऑथ प्रॉक्सी, गर्दी आवरायला पीजीबाउन्सर.

कंटेनर कशाला?

प्रॉक्सी थेट लॅपटॉपवरही चालते. पण टीममध्ये एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे उबंटू आणि तिसऱ्याकडे प्रॉक्सीचं जुनं व्हर्जन असलं की अर्धा दिवस 'माझ्याकडे तर चालतंय' यातच जातो. डॉकर कंपोजच्या एका फाईलमध्ये अ‍ॅप आणि प्रॉक्सी दोन्ही लिहिले की सगळ्यांकडे एकच सेटअप एका कमांडने उभा राहतो.

स्टेप बाय स्टेप

(कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

१. परवानगी: गूगल क्लाउडमध्ये 'क्लाउड एसक्यूएल अ‍ॅडमिन एपीआय' सुरू करा आणि तुमच्या खात्याला 'क्लाउड एसक्यूएल क्लायंट' हा रोल द्या. यापेक्षा मोठा रोल या कामाला लागत नाही.

२. कनेक्शन नेम: प्रोजेक्ट, रीजन आणि इन्स्टन्स ही तीन नावं मध्ये कोलन देऊन जोडली की कनेक्शन नेम बनतं. डेटाबेसच्या पानावर ते तयार मिळतं, तिथूनच कॉपी करा.

३. लॉगिन: लॅपटॉपवर जीक्लाउड टूलने 'अ‍ॅप्लिकेशन डिफॉल्ट' लॉगिन करा. त्यातून एक क्रेडेन्शियल फाईल तयार होते. सर्व्हिस अकाउंटची की डाउनलोड करून फिरवण्यापेक्षा डेव्हलपमेंटला हे बरं.

४. प्रॉक्सीची सर्व्हिस: कंपोज फाईलमध्ये गूगलची अधिकृत इमेज घ्या आणि व्हर्जन नंबर पक्का लिहा, 'लेटेस्ट' नको. क्रेडेन्शियल फाईल फक्त वाचता येईल अशी माउंट करा आणि तिचा पत्ता 'गूगल अ‍ॅप्लिकेशन क्रेडेन्शियल्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या.

५. अ‍ॅड्रेस: प्रॉक्सीला 'अ‍ॅड्रेस' पर्यायात ०.०.०.० द्या. दचकू नका! वरचं ०.०.०.०/० क्लाउडच्या दारावर होतं, हे फक्त कंटेनरच्या आत आहे. प्रॉक्सी मुळात १२७.०.०.१ वर ऐकते. कंटेनरमध्ये त्याचा अर्थ 'हाच कंटेनर' असा होतो, त्यामुळे बाहेरच्या कुणाचंच तिला ऐकू येत नाही.

६. पोर्ट: लॅपटॉपवरच्या टूलमधून डेटाबेस बघायचा असेल तरच पोर्ट उघडा, आणि तो १२७.०.०.१:५४३२:५४३२ असा लिहा. पुढचा आयपी गाळला तर डॉकर तो पोर्ट लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतं. मग त्याच वायफायवरचा दुसरा माणूसही तुमच्या प्रॉक्सीपर्यंत पोहोचू शकतो.

७. अ‍ॅपची सर्व्हिस: डेटाबेसचा होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' नाही, तर प्रॉक्सीच्या सर्व्हिसचं नाव द्या. मग 'डॉकर कंपोज अप'.

नेहमी येणारे एरर

• कनेक्शन रिफ्यूज्ड: पाचवी आणि सातवी स्टेप पुन्हा तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

• परमिशन डिनाइड: प्रॉक्सीची इमेज रूट युजरने चालत नाही, त्यामुळे लिनक्सवर तुमची फाईल तिला वाचता येत नाही. कंपोजमध्ये 'युजर' म्हणून तुमचा युजर आयडी द्या. फाईल सगळ्यांना वाचायला खुली करू नका.

• पोर्ट आधीच वापरात: लॅपटॉपवर दुसरं पोस्टग्रेस चालू असेल. बाहेरचा पोर्ट ५४३३ करा, आतला ५४३२ च राहू द्या.

• ४०३ एरर: पहिल्या स्टेपमधला रोल किंवा एपीआय राहिला आहे.

• टाइमआउट: प्रॉक्सी बाहेर जाताना ३३०७ आणि ४४३ पोर्ट वापरते. कॉलेजच्या वायफायवर ३३०७ बंद असू शकतो. हॉटस्पॉटवर करून बघा, फरक लगेच कळेल.

फक्त मोबाईल असेल तर?

नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर, टर्मक्स टाकलं तरी डॉकर चालत नाही, कारण त्याला लिनक्स कर्नलच्या ज्या सोयी लागतात त्या फोनमध्ये सहसा बंद असतात. पण फोनच्या ब्राउझरमधून गिटहब कोडस्पेसेस किंवा गूगल क्लाउड शेल उघडता येतं. दोन्हींत डॉकर मिळतं आणि ठरावीक वापर मोफत असतो. शिकायला तेवढं पुरेसं आहे.

हे विसरू नका

क्रेडेन्शियल फाईल इमेजमध्ये कॉपी करू नका, गिटहबवर टाकू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवू नका. ती फाईल म्हणजेच तुमचा पास. ती ज्याच्या हातात, त्याच्यासाठी प्रॉक्सी दार उघडते, मग तो कुणीही असो.

दुसरं म्हणजे, डेव्हलपमेंटसाठी डेटाबेस वेगळा ठेवा आणि त्यात बनावट नावं, बनावट खाते नंबर भरा. सेटअप कितीही पक्का असला तरी टेस्ट करताना एखादी चुकीची डिलीट कमांड जाऊ शकते. ती गेली तर दहा खोट्या ओळी जातील, कुणा शेतकऱ्याची खरी नोंद जाणार नाही.