जुन्या बंदरचित्रांचे वाचन

आपल्या मांगेला ज्ञातीचा लिखित इतिहास त्रोटक आहे. जो आहे तोही बहुतांशी परक्यांनी लिहिलेला. अशा स्थितीत सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवली येथील घरांतून जपलेली बंदरावरची कृष्णधवल छायाचित्रे ही इतिहासाची मोलाची साधने होत. मात्र पोथीप्रमाणे चित्रही वाचावे लागते.

प्रथम पाहावे ते हे की, चित्र कोणी व कशासाठी काढले. विल्यम जॉन्सन ह्या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ ह्या साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली असून पाठीमागचा देखावा दुसऱ्या चित्रातून आणून जोडलेला आहे. पुढे १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा चित्रसंग्रह निघाला. ह्या दोन्ही ग्रंथांचा मुख्य हेतू ज्ञातींचे नमुने दाखविण्याचा होता. त्यांत जातीचे नाव सापडते. बहुधा माणसाचे सापडत नाही.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. ओल्या काचपट्टीच्या त्या काळी चित्र उमटेपर्यंत काही सेकंद निश्चल राहावे लागे. तेव्हा ताठरलेल्या मुद्रेवरून मनुष्य निरुत्साही वा भित्रा होता, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

तिसरी गोष्ट काळाची. चित्रावर साल नसले तरी खुणा असतात. तारापूरच्या किनाऱ्यावरील चित्रात अणुवीज केंद्राची इमारत दिसत असेल, तर ते १९६४ पूर्वीचे नव्हे. कारण त्या साली तेथील बांधकाम सुरू झाले व १९६९ साली वीजनिर्मिती होऊ लागली. केवळ शिडावरून मात्र साल ठरवू नये. यंत्र बसविल्यावरही कित्येक होड्यांवर शीड राहिले होते.

आता घरचेच उदाहरण देतो. आमच्या संग्रही सातपाटीच्या बंदरावरचे एक चित्र आहे. मध्यभागी तांडेल व खलाशी उभे आहेत. कडेला टोपल्या घेतलेल्या चार स्त्रिया. पाठीमागे शाईने सात पुरुषांची नावे लिहिली असून शेवटी शब्द आहेत, ‘व इतर बायका’. त्या इतर बायकांत आमची आई आहे. मासळी समुद्रातून पुरुष आणतो. परंतु ती निवडून, सुकवून, बाजारी नेऊन तिचे पैसे करते ती स्त्री. ज्या हातांवर घर चालले ते चित्रात कडेला गेले, आणि हा दोष परक्याचा नव्हे. ते अक्षर आमच्याच घरातील आहे. मावशी हयात असताना आम्ही विचारले म्हणून आणखी दोघींची नावे कळली. चौथीचे नाव तिलाही आठवले नाही.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. किनाऱ्याचे रूप पालटत आहे. पूर्वी कोठे होड्या लागत व कोठे बोंबील वाळत, हे सांगणारी साक्ष पुढील पिढीला ह्याच चित्रांतून मिळेल. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक चित्रामागे स्थळ, अंदाजे साल व सर्वांची नावे लिहून ठेवावीत. नावे लिहिताना आरंभ कडेला उभ्या असलेल्यांपासून करावा.