जरा आणि जनुक : सिंथिया केन्यन यांच्या संशोधनकार्याचा मागोवा

वार्धक्य म्हणजे शरीराची झीज, आणि झिजेला नियंता नसतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जीवशास्त्रज्ञांमध्येही दृढ होती. साहजिकच आयुर्मर्यादेचा जनुकीय शोध घेणे बहुतेकांस निष्फळ वाटे. ही समजूत मोडण्यात सिंथिया केन्यन यांचा वाटा मोठा आहे. तथापि त्यांच्या यशाचे मर्म नव्या साहित्यात नसून जुन्या साहित्यास विचारलेल्या नव्या प्रश्नात आहे.

या शोधाची पूर्वपीठिका एका सूत्रकृमीशी निगडित आहे. 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स' हा कृमी सुमारे १ मिलिमीटर लांबीचा असून दोन-तीन आठवडेच जगतो. मायकेल क्लास यांनी त्याचे काही दीर्घायुषी वाण वेगळे केले. परंतु दीर्घायुष्याचे कारण मुख्यतः अल्पाहार असावे आणि आयुर्मर्यादा ठरविणारी जनुके अत्यंत विरळ असावीत, असा निष्कर्ष त्यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यांच्याच वाणांवर काम करून फ्रीडमन व जॉन्सन यांनी १९८८ मध्ये 'एज-१' या जनुकाचा निर्वाळा दिला. तरीही संशय पुरता फिटला नाही.

केन्यन यांचा जन्म १९५४ चा. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेची डॉक्टरेट १९८१ मध्ये मिळविल्यावर त्यांनी केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांच्याकडे काम केले व १९८६ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या. त्यांचा मूळ विषय वार्धक्य नव्हे, तर कृमीच्या देहाचा आराखडा ठरविणारी जनुके हा होता.

अन्न तुटले की हा कृमी बाल्यावस्थेतच वाढ थांबवून महिनोन्‌महिने तग धरतो. या अवस्थेस 'टिकणे' या अर्थाच्या जर्मन शब्दावरून 'डाउअर' म्हणतात. तिचे नियमन करणारे 'डाफ-२' हे जनुक १९८१ मध्येच ज्ञात होते. त्यातील उत्परिवर्तन असलेले कृमी थंड तापमानात प्रौढ होऊ दिल्यास किती दिवस जगतात, हे केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. उत्तर १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले : दुपटीहून अधिक. शिवाय 'डाफ-१६' हे दुसरे जनुक निकामी असल्यास हा लाभ नाहीसा होई. म्हणजे ही केवळ झीज मंदावणे नव्हते. तेथे आज्ञा व आज्ञापालन यांची साखळी होती.

१९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने 'डाफ-२' चे मानवी इन्शुलिन-ग्राहीशी असलेले साम्य दाखविले. २००८ मध्ये हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांत 'डाफ-१६' शी सजातीय अशा मानवी जनुकाचा एक प्रकार दीर्घायुष्याशी संबद्ध आढळला. अर्थात असा संबंध आढळणे निराळे आणि कृमीप्रमाणे माणसाचे आयुष्य दुप्पट होणे निराळे. २०१४ मध्ये केन्यन 'कॅलिको' या कंपनीत गेल्या. या ज्ञानातून औषध निघेल काय, हा प्रश्न त्यांच्याबरोबर तेथे गेला.

'डाफ-२' चे कृमी बारा वर्षे प्रयोगशाळांतून होते. त्यांच्या आयुष्याचे दिवस मात्र कोणी मोजले नव्हते. कारण झिजेचे मोजमाप करून काही हाती लागेल, असे कोणास वाटले नव्हते.